घंटीवरचा हात

प्रिय टिचकी,

तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालते, कारण आज मला दुसऱ्या कुणाच्या दुखण्यात लक्ष घालायला सवड नाही. डोकं तापलंय. इथे सांगायला कुणी नाही. शेजारीण ऐकते, पण ती ऐकते पुढे पोचवण्यासाठी.

सिग्नलची केबिन पाडत नाहीत, हे शेवटी ठरलं. म्हणजे माझी, मोठ्या लाइनीवरची. खाणीच्या तोंडाशी असलेली तुझी केव्हाच भंगारात गेली. सुटली म्हण बिचारी. माझ्या केबिनीचं आता जतन चाललंय. जतन म्हणजे काय, तर सिग्नल ओढायच्या लिव्हरना लहान मुलांच्या खेळण्यांसारखे रंग, आणि मुठींना चक्क व्हार्निश! ज्या मुठींना मी पहिल्याच दिवशी उघडा हात लावला म्हणून म्हाताऱ्या केबिनमनने मला फैलावर घेतलं होतं. "बाई, घामानं लोखंड गंजतं, फडकं धरा." मी म्हटलं, घाम तुम्हालाही येतोच की. तर म्हणाला, "येतो ना. म्हणून तर मी फडकं धरतो." त्या दिवसापासून फडकं माझ्या हातातून सुटलं नाही. शाळेतल्या सिस्टर लोकांनासुद्धा मला असं वळण लावणं कधी जमलं नव्हतं, तू साक्षीला आहेस.

रंगाचं मी गिळलं असतं. फलकाचं गिळवत नाही. जिन्याच्या पायथ्याशी केबिनचा इतिहास सांगणारा मोठा फलक लागणार आहे. जतन समितीने मजकूर मला ऐकवला, 'जुन्या कर्मचारी' म्हणून. सुरुवात ठीक आहे. खाण निघाली, तिच्यापर्यंत रुळांचा फाटा, म्हणजे सायडिंग टाकली, रिकाम्या वाघिणी वर चढवायला आणि कोळशाने भरलेल्या खाली आणायला एकच लाइन, म्हणून तिच्या दोन टोकांना दोन केबिनी. पुढे खाणीत मिळकत जास्त म्हणून पुरुष केबिनीत टिकेनात, तेव्हा कॉन्व्हेंटच्या दोन मुली नेमल्या. ह्या आपण. आणि मग हे वाक्य: 'लाइन मोकळी असूनही एका लहरी केबिनबाईने रिकामी गाडी अडवून धरली व अर्धा दिवस खाण बंद पाडली, असा गमतीदार किस्सा सांगितला जातो.'

गमतीदार! लहरी! आयुष्यात मला भांडखोर म्हणाले, तुसडी म्हणाले, माझ्या सख्ख्या वहिनीने तर कैदाशीण म्हटलं आणि ते मी मानानं मिरवलं. पण लिव्हरसमोर लहर? मी?

तो दिवस तुला आठवत नसेल असं कसं म्हणू? तुझा नवरा खाणीत उतरला आणि वर आला नाही, त्याला वर्ष होत होतं. पोरगी तापाने फणफणलेली. रात्र रात्र तिच्या उशाशी बसायचीस आणि सकाळी केबिनचा जिना चढायचीस. रजा माग म्हटलं तर म्हणालीस, "रजा मागितली की म्हणतील, बाईमाणूस, घरी बसवा." आणि खरंच बसवलं असतं. मग पोरीच्या तोंडात काय घातलं असतंस?

त्या दुपारी मी तुला दोन केबिनींमधल्या तारेवरून नेहमीसारखी घंटी दिली: रिकामी गाडी पाठवते आहे, लाइन मोकळी का? तुझ्याकडून उत्तर आलं. ठोके बरोबर, एक कमी नाही की जास्त नाही. पण हात तुझा नव्हता. तुझा शेवटचा ठोका टिचकी मारल्यासारखा यायचा, शाळेत पुढच्या बाकावरचीच्या कानावर मारायचीस तसा. हे ठोके एकसारखे, घाबरत घाबरत दार वाजवल्यासारखे. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. फोन लावला, तर वाजतोय आणि कुणी उचलत नाही. मी सिग्नल लाल ठेवला.

पुढचं तर साऱ्या गावाला पाठ आहे. ड्रायव्हर खालून ओरडतोय, "ओ बाई, झोपलात की काय?" खाणीचे मॅनेजर फोनवर थयथयाट करताहेत की भरायला वाघीण नाही. मी आपली फडकं हातात घेऊन उभी. खूप वेळाने घंटी वाजली आणि शेवटी ती टिचकी आली. मी तिथेच स्टुलावर बसले. मग उठून फडक्याने मूठ धरली आणि सिग्नल दिला.

दुसऱ्या दिवशी तू येऊन रडत रडत सगळं सांगितलंस. बसल्या बसल्या तुझा डोळा लागला होता. दिवेवाला दिव्यांत तेल घालायला वर आला. त्याला तुझी दया आली. झोपू दे बाईला म्हणून त्याने स्वतःच घंटी दिली. ठोके त्याला ऐकून ऐकून पाठ होते. फोन मात्र उचलला नाही, आवाजावरून मी ओळखीन म्हणून. घंटीला आवाज नसतो असं वाटलं त्या भोळ्या जिवाला! आणि त्याच लाइनीवर तू वाघिणी उभ्या करून ठेवलेल्या, मधे माणसं वाकून साखळ्या जोडत होती. हे त्याला ठाऊक नव्हतं.

चौकशीत विचारलं, उत्तर मिळूनही गाडी का अडवली? हात निराळा होता म्हटलं असतं, तर मग कुणाचा होता, आणि तू कुठे होतीस, हे निघालं असतं. मी म्हटलं, "मला पाठवावीशी वाटली नाही." साहेबांनी चष्म्यावरून असं पाहिलं, जणू काही मी पदर पेटवून घेतला होता. माझी बढती अर्थातच गेली, आणि वरची जागा ज्याला मिळाली त्याला रूळ बदलायचा सांधा कुठला आणि सिग्नल कुठला हे विचारून घ्यावं लागे. असो. त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, दर वर्षी थोडा वेळ वाटायचं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. फलकाचा मजकूर लिहिलाय तुझ्या लेकीने, तेव्हा तापाने फणफणलेल्या त्याच पोरीने. समितीची चिटणीस झाल्याचं तिने तुला कळवलं असेलच. स्वतः माझ्याकडे आली, स्वयंपाकघरात बसून चहा घेत तिने तो मोठ्याने वाचला, आणि 'लहरी'पाशी येऊन खळखळून हसली. "मावशी, ही तूच ना गं?" मी म्हटलं, मीच. दुसरं काय म्हणणार होते? खरं सांगणं माझ्या हातात नाही, ते तुझं आहे. फलक बदलू नकोस. दिवेवाल्याची नातवंडं ह्याच गावात राहतात, त्यांच्या आजोबांचं नाव भिंतीवर टांगायला नको. जगाने वाचावं आणि हसावं, माझी हरकत नाही. फक्त तिला एकटीला सांग. फोनवर नको, तिला जवळ बसवून सांग. जमत नसेल तर तसं दोन ओळींत कळव. मी पुन्हा विषय काढणार नाही. पण टिचकी, गाव इतकी वर्षं हसतंय ते मी सोसलं. ती हसली, ते मात्र सोसवत नाही गं.

तुझीच,
कैची