विमानाच्या खिडकीची मांडणी

वाडी, ता. तुळजापूर
३ मे १९८७

तीर्थरूप कोंडिबा मामा आणि मामी यांना विशाखाचा सविनय जय भीम.

तुमचं कार्ड मिळालं. मामींच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून आईला बरं वाटलं. तिचं म्हणणं आहे की एरंडेल चोळणं चालू ठेवावं. माझं म्हणणं आहे की डॉक्टरांना विचारून चालू ठेवावं. आम्ही इकडे ठीक आहोत. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी तो उद्या येणार असतो. बाबांचा खोकला गेला. म्हैस उभी आहे. (ती कशी आहे असं सध्या कोणी विचारत नाही, उभी आहे का एवढंच विचारतात.)

कार्डाच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे की मी दूध सोसायटीची सचिव झाले तेव्हा तुम्ही सोलापुराहून आणलेले सोनेरी काठाचे सहा कप ट्रंकेतच आहेत की बाहेर काढले. याचं उत्तर एका शब्दात देता येतं, पण ते खरं होणार नाही, म्हणून कार्ड न घेता पाकीट घेतलं आहे.

कप बाहेर आहेत. तुम्ही तेव्हा म्हणाला होता, "ट्रंकंत घालू नका, चार माणसांना दिसू द्या." आई म्हणत होती की दिसले तर फुटतील. दोघांचंही मन राखायचं म्हणजे दिसतील पण हात लागणार नाही अशी काहीतरी वस्तू हवी होती. सोसायटीच्या शिक्क्यासाठी मी धाराशिवला गेले होते, तिथं जुन्या बाजारात चष्म्याचं एक दुकान बंद होत होतं आणि म्हातारे मालक सामान विकत बसले होते. त्यात एक मांडणी होती. चार फळ्या, बाजू, पाठ, सगळं आरपार, आणि कोपऱ्यांना पितळी स्क्रू. मी विचारलं की काच इतकी हलकी कशी. ते मालक चाचा म्हणाले, "बेटी, ये काच नहीं. लढाई में विमान की खिडकी इसी माल की बनती थी. मेरे वालिद हैदराबाद से लाए थे. गिरेगी तो भी नहीं टूटेगी." या मालाला ॲक्रिलिक म्हणतात असंही त्यांनी सांगितलं आणि ते मी हातावर लिहून घेतलं. घेऊ की नको या विचारात मी बाजाराला दोन फेऱ्या घातल्या. चष्मे ठेवलेल्या वस्तूवर कप ठेवणं योग्य होईल का, असंही मनात आलं. शेवटी घेतली. खालच्या फळीवर चष्म्याच्या नंबराची एक चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. ती मी काढली नाही, कारण ती आपली नाही.

एसटीत ती मधल्या वाटेत उभी केली. ती दिसत नसल्यामुळे नळदुर्गला चढलेले एक गृहस्थ सरळ तिच्यावर कपाळ आपटून थांबले आणि त्यांनी मागच्या माणसाला दम दिला. कंडक्टर म्हणाले, "दिसत न्हाय त्याचं लगेज कसं फाडू, बाई?" मी म्हणाले की लागतं आहे तर फाडा. त्यांनी फाडलं.

घरी आणल्यावर बाबांनी सगळ्या गावाला सांगितलं की पोरीनं विमानाची खिडकी आणली आहे. मी प्रत्येकाला सांगत होते की विमानाची नाही, त्या मालाची आहे, पण बाबा माझ्याआधी पोहोचत. मग लोक बघायला येऊ लागले. आपल्या वस्तीतले आले, ते चहा घेऊन गेले. मग, आजवर जे कधी आपल्या दाराशी आले नव्हते, ते वरच्या गल्लीतलेही आले. एका आजोबांनी फळीखाली वाकून वर आभाळाकडं पाहिलं, ढग दिसतोय का म्हणून. नाही दिसला. ते म्हणाले, "माल चांगलाय, पण वर कायच न्हाय."

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे आणि ती कुणावर दोष न येता कशी लिहावी हे कळत नाही. वरच्या गल्लीतून आलेला प्रत्येक माणूस मांडणी बघे, मांडणीतून आतले कप बघे, काठ सोन्याचा आहे का विचारी, आणि आईनं चुलीवर आधण ठेवलं की त्याला पित्त होई. गेल्या महिन्याभरात गावात पित्त फार वाढलं आहे. ज्यांना पित्त नव्हतं त्यांचा उपवास होता. शरणबसप्पांनी (किराणा दुकानवाले, सोसायटीचे सदस्य) सोमवार आहे म्हणून सांगितलं, तो बुधवार होता. मी कॅलेंडर पाहिलं, पण कॅलेंडर छापणाराही माणूसच असतो. पूर्वी ही अडचण येत नसे, कारण कप ट्रंकेत होते आणि आमच्याकडं कप आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं. मांडणी आरपार असल्यामुळे आता तसं राहिलं नाही.

गावच्या हॉटेलात बाबांचा कप बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी मला ती बाबांची खास सोय वाटायची, की इतरांना आतला कोणताही कप देतात आणि आपल्या वस्तीतल्या माणसांना मात्र ज्याचा त्याला. नंतर शाळेत गेल्यावर कळलं. पण ते असो.

आईनं मात्र कुणाचं पित्त मनावर घेतलं नाही. तिचं ठरलं की मांडणीवर काहीतरी डाग असला पाहिजे, जो आपल्याला दिसत नाही आणि आलेल्यांना दिसतो. पाणी तर नाही. म्हणून तिनं भांडी घासतात तशी मांडणी कोरड्या राखेनं घासायला सुरुवात केली. एक माणूस चहा न घेता गेला की एकदा. मी सोसायटीत गेलेली असे, त्यामुळे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ॲक्रिलिकला राख चालत नाही, मामा. ओरखडे पडत पडत ती सगळी ताकासारखी झाली आहे. आत काहीतरी पांढरं आहे एवढंच दिसतं.  आई म्हणाली, "अजून जरा घासली की निघंल."

आता सभेचं. सोसायटीला ऑफिस नाही, पत्र्याचं दूध संकलन केंद्र तेवढं आहे. म्हणून सभा पहिल्यापासून सचिवाच्या घरी होते. आधीचे सचिव रामकिसन साखर कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला जुनी नोटीस दिली आणि मी ती शब्दाला शब्द उतरवली, स्थळ 'सचिवांचे राहते घर' यासकट. अध्यक्ष महारुद्र अण्णांनी न वाचता सही केली. (ते वाचून सही करतात असा माझा समज होता. तो माझा दोष.) नोटीस गावभर फिरल्यावर ती मागं घेणं त्यांना बरं दिसेना, आणि सहाही सदस्य आपल्या अंगणात येऊन बसले. विषय एकच होता, जनावरांसाठी सवलतीच्या चाऱ्याचा ठराव करून तालुक्याला पाठवणं. ठराव एकमतानं झाला. मग चहा आला आणि सहाजणांना सहा कारणं आली.

अण्णा म्हणाले, "लिही पोरी, चहापान होऊन सभा संपली." आधीच्या प्रत्येक सभेचा शेवट रामकिसननी असाच लिहिला आहे. मी म्हणाले, अण्णा, चहापान झालं नाही. ते म्हणाले, "मग ते वाक्य गाळ." मी त्यावर विचार केला. पण दर सभेत असलेलं वाक्य माझ्याच घरच्या सभेत गाळलं, तर तालुक्याचे साहेब म्हणतील की नव्या सचिवानं चहा विचारला नाही, आणि आईनं तर केला होता. म्हणून जे घडलं तेच मी लिहिलं: चहा करण्यात आला, परंतु पुढील कारणांमुळे कोणी घेतला नाही. अध्यक्ष, पित्त. श्री. शरणबसप्पा, सोमवार (वार बुधवार). असं सहाही. अण्णांना वाचून दाखवलं. ते आमच्या म्हशीकडं बघत म्हणाले, "हे तालुक्याला जाणार?" मी म्हणाले, नक्कल जाते. ते म्हणाले, "मग सभा अजून संपली न्हाय. शुक्रवारी फुडं चालू."

त्यामुळे ठराव पडून राहिला. मामा, ते दिवस मला फार वाईट गेले. गावातल्या दावणी रिकाम्या, शेजारच्या गावात चाऱ्याचा ट्रक येऊन गेला, आणि इथं एका वाक्यासाठी मी सभा उघडी ठेवून बसलेले. एक ओळ खोटी लिहिली तर जनावरांच्या तोंडात वैरण पडते, हे मला कळत होतं. आपली म्हैस माझ्याकडंच बघते असं वाटायचं. मी बाबांना विचारलं, लिहू का? बाबा म्हणाले, "घेतला चहा त्यांनी?" मी म्हणाले, नाही. त्यांनी विडी पेटवली.

शुक्रवारी सहाहीजण पुन्हा आले. मी इतिवृत्त उघडून बसले.  तेवढ्यात अण्णांच्या आई, द्वारकाबाई, काठी टेकत आल्या. त्यांना वाटलं चाऱ्याचे पैसे वाटतायत. त्यांना कुणीतरी सांगितलं की चहासाठी सभा अडली आहे.

"कुणाला नको चहा?" त्या म्हणाल्या.

"आये, पित्त हाय मला," अण्णा म्हणाले.

"पित्त तुला. माझ्या म्हशीला न्हाय. चार दिस झालं ती उपाशी हाय अन् तू हितं पित्त घेऊन बसलास व्हय? भिमाबाई," त्यांनी आईला हाक मारली, "आण गं. दोन कप आण मला, उनाचं आले मी."

मला वाटत नाही की त्यांच्या मनात आमच्याबद्दल काही वेगळं होतं. त्यांच्या मनात म्हैस होती. पण त्या ओसरीवर बसल्या आणि सोनेरी काठाच्या कपातून चहा प्यायल्या, आणि बशीतला राहिलेलाही प्यायल्या. मग अण्णांचं पित्त उतरलं. मग बाकीच्यांची कारणं एकेक करून गेली. शरणबसप्पा म्हणाले, आज शुक्रवारच आहे म्हणा. आई आतून कप आणत होती. मी लिहिलं, 'चहापान होऊन सभा संपली.' ठराव त्याच दिवशीच्या एसटीनं तालुक्याला गेला. चारा कालपासून उतरतो आहे.

तेव्हा कप बाहेर आहेत, आणि वापरातही आहेत. तुमचं कार्ड मी आईला दोनदा वाचून दाखवलं. मामींना गुडघ्यावर बसू देऊ नका. लहानांना आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक भाची,
विशाखा

ता. क. खरं कारण लिहायचं राहिलं. मामा, त्याच जोडीतला एक कप मिळाला तर पाठवा, त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले होते. सदस्य सहा आणि कप सहा, म्हणून मी निश्चिंत होते, पण द्वारकाबाई धरून माणसं सात झाली. हॉटेल पाण्याअभावी बंद होतं म्हणून मालकानं बाबांचा कोनाड्यातला कप घरी सांभाळायला दिला होता, आणि आईनं तो मांडणीत मागं ठेवला होता. मांडणी ताकासारखी झाल्यामुळे बाहेरून सगळे कप सारखेच दिसतात. आईनं घाईत हाताला येईल तो काढला. तो अण्णांकडं गेला. मला दिसला तेव्हा त्यांनी टवका उडालेली कड दुसऱ्या बाजूला फिरवली होती आणि पीत होते. त्यांनी तो ओळखला नाही. इतकी वर्षं त्या कोनाड्याकडं त्यांनी पाहिलंच नसावं. सभेत चहा घेतला हे लिहायचं असतं, कशात घेतला हे लिहिण्याची पद्धत नाही, मी जुनी सगळी इतिवृत्तं पाहिली. तरी जिवाला लागून राहिलं आहे. सातवा कप आला की असं पुन्हा होणार नाही, आणि बाबांचा कप त्यांना परत देता येईल.

ता. क. २. बाबांनी पत्र वाचून घेतलं. ते म्हणतात, कप पाठवू नका. हॉटेल सोमवारपासून उघडलं आहे. बाबा रोज सकाळी जाऊन समोरच्या बाकावर बसतात आणि चहा मागतात. मालक विचारतो, "पिराजी, कप कुठाय?" बाबा सांगतात, सभेला गेलाय. कोनाडा मोकळा आहे, त्यामुळे मालकाला चहा कशात ओतावा ते कळत नाही आणि तो किटली घेऊन उभा राहतो. बाबांना घाई नाही. काल त्यानं आतला एक कप हातात घेतला, पुसला, आणि परत जागेवर ठेवला. पुसला, हे बाबांनी घरी आल्यावर दोनदा सांगितलं.