तीन नंबरची बाटली

बाई,

परवा हिंजवडीहून परतताना कंपनीची बस आपल्या ओढ्याच्या पुलावर अडकली. त्याला ओढा म्हणणं आता थट्टाच आहे. दोन सिमेंटच्या भिंती आणि मधून काळं पाणी. शेजारचा मुलगा खिडकी लावत म्हणाला, "हा नाला ना, नेहमीच असा स्मेल करतो." इथे दगडाखाली मेफ्लायची, म्हणजे स्वच्छ पाण्यातच जगणाऱ्या किड्याची, पिल्लं सापडायची, असं मी त्याला सांगितलं. तो "ओके" म्हणाला. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली आणि ज्याच्याशी तुमच्याबद्दल बोलावं असं माणूस मला अजून सापडलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात ते याच पुलाखाली. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, मी पँट दुमडून वरच्या बाजूने धाडकन पाण्यात उतरलो. "अहो, खालून या! आपणच चिखल उडवायचा आणि मग ओढा गढूळ म्हणून लिहायचं, वा!" तेव्हापासून आपण कायम खालून सुरुवात करायचो, आधी पुलापाशी, मग वरच्या दोन जागा. तुम्ही जाळी प्रवाहात धरून उभ्या आहात, मी जाळीपुढचे दगड हाताने चोळतोय, सुटलेलं सगळं जाळीत वाहत येतंय. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं, ब्रशने एकेक किडा बाजूला घ्यायचा, मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा. काठावर जिचं शेत होतं ती मावशी चहा आणते आणि दर वेळी विचारते, "किडंच मोजायचं तर कालिज कशाला पायजे?" तिची विहीर ओढ्याला लागूनच होती. तुम्ही तिला सांगायचात की हे किडे आहेत तोवर तुझं पाणी चांगलं.

मग बाटल्या. पाण्यातला प्राणवायू मोजायच्या, काचेच्या बुचाच्या. बुडबुडा न येऊ देता भरायच्या, जागेवरच दोन द्रावणं घालायची. तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात श्वास आहे, पांढरा राहिला तर नाही. पुढचं मोजमाप कॉलेजात, त्यासाठी लागणारी स्टार्चची खळ तुम्ही कर्वेनगरच्या घरी आमटीशेजारच्या शेगडीवर शिजवायचात. "आज पातेलं बदललेलं नाही ना?" असं तुमचे यजमान जेवताना विचारायचे, ते मी स्वतः ऐकलं आहे.

त्या सोमवारी तुम्हाला ताप होता. मी एकटा गेलो. दुपारी हिंजवडीत माझी मुलाखत होती, इस्त्रीचा शर्ट पिशवीत. पुलाखालची, म्हणजे तीन नंबरची बाटली पांढरी राहिली. द्रावण खराब झालं असावं असं मला वाटलं. दुसरी भरायला वेळ नव्हता. बाटली ओतून दिली, जाळी लावलीच नाही, आणि रजिस्टरमध्ये मागच्या महिन्याचे आकडे जरासे कमी करून लिहिले. खरे वाटावेत म्हणून.

पुढच्या महिन्यात तुम्ही ट्रेवर वाकलात आणि ब्रश फिरवत राहिलात. ट्रेमध्ये एकही जीव नव्हता. पुलाच्या जरा वर, पण आपल्या वरच्या दोन्ही जागांच्या खाली झालेल्या नव्या सोसायटीने सांडपाणी ओढ्यात सोडलं होतं. तुम्ही तक्रार केलीत, सुनावणी लागली. बिल्डरच्या इंजिनिअरने तुमचं-माझंच रजिस्टर त्या सोमवारच्या पानावर उघडलं आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आमची सांडपाण्याची लाइन या तारखेच्या आठ दिवस आधी सुरू झाली. आपल्याच नोंदीत पाणी उत्तम आहे. म्हणजे कारण दुसरंच काहीतरी." मावशी मागून ओरडली, "बाई, तवाच म्हशी तोंड लावत न्हवत्या! सांगा की ह्यास्नी!" तुम्ही त्या ओळीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. माझ्या खिशात नेमणुकीचं पत्र होतं. मी मान खाली घातली. "नोंद आमचीच आहे," तुम्ही म्हणालात. तक्रार तिथेच संपली. मावशीची विहीर वर्षभरात वापरातून गेली आणि तुम्ही पुन्हा त्या पुलाखाली उतरला नाहीत.

मी कॉलेज सोडताना तुम्ही मला तीच तीन नंबरची बाटली दिलीत. "घ्या. तिकडे एसीत बसून प्राणवायू कमी पडला तर कळेल." मी हसलो, तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला कळलं होतं का, हे विचारायला मी चार वेळा कर्वेनगरला आलो आणि चारही वेळा चहा पिऊन परतलो. पाचव्यांदा आलो तेव्हा दारात चपलांची रांग होती. बाई, मला तुमच्यापुढे स्वतःची फार लाज वाटत आली आहे, आणि आठवणही तितकीच येते.

बाटली टेबलावर आहे. हे पत्र घडी करून तिच्याखाली ठेवणार, दुसरीकडे पाठवणार तरी कुठे. पण वर एक वाक्य खोटं लिहिलंय. द्रावण खराब झालं असं मला वाटलंच नव्हतं. आदल्याच दिवशी मी ते ताजं केलं होतं, आणि त्यानंतर त्याच द्रावणाने वरच्या दोन्ही बाटल्या लगेच तपकिरी झाल्या. शिवाय पुलाखाली पाण्यात उतरायच्या आधीच मला वास आला होता.