भिंतीला भोक न पाडता

बाबा,

माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे आणि तो तुम्ही केलेला आहे. ज्या घराचा कर मी भरतो, ज्याच्या पत्र्यावर माकडं नाचली की झोप माझी मोडते, त्या घराच्या एका भिंतीला करंगळीएवढं भोक पाडायचा अधिकार मला नाही. या देशात लोक डोंगर पोखरतात, नदी उपसून नेतात, कोणी विचारत नाही. मला फक्त एक तार न्यायची होती. दादाच्या पत्र्यावर डिशची छत्री आहे, तिची जाड काळी तार त्याच्या टीव्हीपर्यंत येते, तिथून ती आईच्या खोलीत आणायची, मध्ये काय ती आपली सामाईक भिंत. डिशवाला ड्रिल घेऊन आला, त्यानं ते भिंतीला टेकवलं आणि पलंगावरून आई ओरडली, ‘थांब रे बाप्पा! त्या भिंतीले हात नोको लावू. मास्तरनं नाही म्हणून ठेवलं हाये.’ डिशवाल्यानं विचारलं, ‘कोन मास्तर?’ मी तुमच्या फोटोकडे बोट केलं. त्यानं हार पाहिला आणि ड्रिल पिशवीत घातलं. वारलेल्या माणसाशी भांडायची मजुरी आपण घेत नाही, असं सांगून चहा पिऊन गेला.

तुम्ही जिवंतपणीच वाटणी केली, तीही उन्हाळ्याच्या सुटीत, दहावीचे पेपर तपासून झाल्यावर, जणू आम्ही दोघं भाऊ म्हणजे तपासायचा राहिलेला शेवटचा गठ्ठा. गवंडी भिंत रचतो आहे. पांढऱ्या मातीची, दीड हात जाडीची, कारण विटा पुऱ्या पडत नाहीत आणि तुम्हाला उधारी चालत नाही. दादा दोरीचं एक टोक धरून उभा, मी दुसरं, आणि दोघंही एकमेकांकडे न पाहता दोरी सरळ आहे का ते पाहतो आहोत. संध्याकाळी सगळे एका पंगतीत जेवलो आणि हात धुताना तुम्ही अट घातली, ‘खिळा ठोका, कॅलेंडर लावा. पन आरपार भोक कोनी पाडाचं नाही.’ मी विचारलं, काहून? ‘भोक पडलं का मानूस त्याले कान लावते. काही पाह्यजे असन तं दारातून ये.’ आम्हाला वाटलं, मास्तरांचा आणखी एक नियम. शाळेत तुमचे इतके नियम होते की मुलं शिंकायच्या आधी तुमच्याकडे पाहायची.

दुसरा नियम टीव्हीचा होता. घरं दोन झाली तरी टीव्ही एकच, तुमच्या बैठकीत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आठवली की अजून माझ्यानं एका जागी बसवत नाही. आपल्या कापसाच्या पट्ट्यात रोज टपावर छत्री घेतलेल्या वाहिन्यांच्या गाड्या यायच्या, एखाद्या अंगणात उभ्या राहायच्या आणि उजेड कमी व्हायच्या आत निघून जायच्या. मी तेव्हा अमरावतीच्या पेपरात नवं नवं सदर लिहीत होतो आणि त्या छत्र्यांवर मी एक फर्मास लेख रचत होतो. एका संध्याकाळी जेवताना पडद्यावर एक अंगण दिसलं. बाजेवर बाई बसलेली, मान खाली, आणि खालून अक्षरं सरकताहेत. तुम्ही उठून टीव्ही बंद केला. ‘हे घर मले ठाऊक हाये. हिची पोरगी माह्या वर्गात होती. सायकलनं जाता येते तेथचं चित्र आभायात जाऊन खाली आलं, आन आपन भाकर खाता खाता पाहून राहिलो.’ मग चपला घालता घालता माझ्याकडे वळलात. ‘तू लय झाक लिहितं. वाचून हसू येते. पन लिहून झाल्यावर कोनाच्या घरी जातं का?’ मी म्हणालो, जाऊन बोलायचं काय? ‘बोलाचं काहून? बसाचं.’ आणि ताट तसंच ठेवून तुम्ही सायकल काढलीत. मी लेख पुरा केला. लोकांना आवडला. तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत, आणि मास्तर काही बोलत नाही तेव्हा किती मार्क पडले ते घरातल्या मुलाला कळतं.

आता आईचं सांगतो, कारण खरं तेच सांगायचं आहे. तुमच्यामागं ती एक महिना दादाकडे, एक महिना माझ्याकडे अशी पाळीनं राहायची. दिवाळीनंतर पाळी बदलायच्या दिवशी पिशवी घेऊन निघाली ती माझ्या उंबऱ्यात पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन अमरावतीला झालं. डॉक्टर म्हणाले, आता हलवाहलव नको. म्हणजे पाळी संपली आणि आई कायमची माझ्याकडे राहिली. दवाखान्याच्या पायरीवर दादा म्हणाला, ‘तुह्या उंबऱ्यात पडली.’ मी म्हणालो, ‘उंबरा माझा होता, पण घाई तुझ्याकडे यायची होती.’ वाक्य म्हणून पाहाल तर त्यात खोट नाही. फक्त त्या वाक्यापासून दादा माझ्या घरात आलेला नाही.

आणि आईनं जेवण टाकलं. अर्धी पोळी दुधात कुस्करायची आणि वाटी बाजूला सारायची. डॉक्टर भूक लागायचं औषध देत होता, पण आजार मला माहीत होता. दादाकडे असली की संध्याकाळी ती आणि तो एकत्र टीव्हीपुढं बसायचे. आधी कीर्तन, मग बाजारभाव, मग ती रडकी मालिका, आणि तिन्हींना दोघं मिळून नावं ठेवायचे. मी तिच्यासाठी मोठा टीव्ही आणला, नेटवर चालणारा, त्यात जगातलं सगळं. तिनं पाहिलं नाही. ‘मले तो पाहून राहिला ते पाह्यचं हाये.’ मी म्हणालो, ‘तेच चॅनेल लावून देतो ना.’ तर म्हणाली, ‘तेच नाही. त्याचंच.’

म्हणून तार. आणि तार बाद झाल्यावर मी अकोल्याला गेलो. तिथल्या दुकानदारानं उपाय सांगितला. असा एक रिसिव्हर येतो की छत्रीची तार त्याच्यात जाते आणि पुढं तो चित्र घरच्या वायफायवर सोडतो. दुसऱ्या टीव्हीला छोटी डबी लावली की ती ते हवेतून उचलते. रिसिव्हरवाला जे पाहील तेच डबीवाल्याला दिसतं. मी विचारलं, ‘मध्ये भिंत आहे.’ तो म्हणाला, ‘भिंत वायफायले काय करते भाऊ!’ त्यानं तुमची भिंत पाहिली नव्हती. दादाला विचारणार कसं? फाटकाशी वहिनीला गाठलं. तिनं निरोप आत नेला आणि उत्तर आणलं, ‘ते काही बोलले नाही. पन डिशचा रिमोट माह्या हाती देल्ला.’ आपल्या घरात याला होकार म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको.

रिसिव्हर दादाकडे बसला, डबी आईच्या टीव्हीला लागली, पण मध्ये दीड हात पांढरी माती. आईच्या पडद्यावर नुसती चकरी फिरते. मग वहिनीनंच राउटर उचलून त्यांच्या मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. ती खोली काटकोनात वळते, तिची खिडकी आईच्या खिडकीकडे तोंड करून आहे, मध्ये फक्त अंगण. चित्र आलं! कीर्तनकार आईच्या खोलीत उभा राहिला. फक्त तो तिकडे पोचतो त्यापेक्षा थोडा उशिरा इकडे पोचतो, त्यामुळे आधी अंगणापलीकडून दादाचं हसणं ऐकू येतं आणि मग विनोद होतो. आईला हे फार आवडलं. हसायची तयारी करून ठेवता येते म्हणाली. दादानं चॅनेल बदललं की इकडेही बदलायचं, आणि आई खिडकीतून ओरडायची, ‘काहून बदललं रे?’ तिकडून उत्तर नसायचं, पण चॅनेल परत यायचं. वाटी पुरी रिकामी व्हायला लागली. मी डॉक्टरचं औषध बंद केलं.

मग एप्रिल लागला. आपल्याकडे एप्रिल लागला की दर खिडकीत पत्र्याचा कूलर चढतो, आणि दादाचा कूलर त्याच खिडकीत चढला. पत्रा, ओला खस आणि टाकीभर पाणी. वायफायचं तिथंच विसर्जन. राउटर खाली जमिनीवर गेला आणि आईच्या पडद्यावर कीर्तनकार हात वर करून, तोंड उघडं ठेवून थांबला तो थांबलाच. मी म्हणालो, सांगून येतो. ‘नोको सांगू. त्याले गर्मी सोसत नाही. लहानपनी घामोयानं रडे.’ ती भिंतीकडे तोंड करून पडली. वाटीवर साय धरली. मी येरझारा घालत होतो. कूलरवर, भावावर, विज्ञानावर वाक्यं सुचत होती, एकाहून एक सरस, आणि त्यातलं एकही घेऊन दारात उभं राहता येत नव्हतं. शेवटी एकही न घेता गेलो. दिवाळीपासून पहिल्यांदा.

दार उघडंच होतं. मागच्या खोलीत दादा आणि वहिनी कूलर खिडकीतून ओढत होते. दादानं मला पाहिलं आणि एवढंच म्हणाला, ‘तिकून धर.’ मी धरला. पाणी पायजम्यावर सांडलं, पत्र्यानं बोट कापलं. पुढच्या दारात स्टुलावर कूलर टेकवल्यावर दादा धापा टाकत म्हणाला, ‘तीनदा चॅनेल बदललं. आई एकदाबी ओरडली नाही.’ मग मागच्या खोलीत जाऊन, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन, भट्टीसारख्या त्या खोलीत टीव्हीपुढं बसला. राउटर खिडकीत गेला. त्यानं मुद्दाम चॅनेल बदललं आणि दोघं वाट पाहत थांबलो. चित्राला पोचायला वेळ लागतो. मग अंगणापलीकडून आवाज आला, ‘ठेव ना रे एका जागी!’ दादानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ.

रोज संध्याकाळी तो तिथंच बसतो. कूलर पुढच्या दारात, गारवा पुढच्या खोलीला, आणि तो मागं. हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासून परत धाडलं असतं. कूलर नळापासून लांब गेल्यामुळं टाकी भरायचं काम वाढलं आहे. आज सकाळी दादा शेतात गेल्यावर मी माझ्याकडच्या बादल्या नेऊन ती काठोकाठ भरली. परत निघताना वहिनीनं गाठलं. म्हणाली, ‘भाऊजी, पाइप हाये ना घरात. बादल्या काहून?’

उद्याही बादल्याच नेणार आहे, बाबा, दारातून.