एमेटच्या नावापुढची सही

प्रिय एमेट,

हे पत्र लोरेटा तुला सकाळच्या कॉफीबरोबर देईल. दुपारी नको, सकाळीच दे, असं मी तिला बजावलंय. आपल्या दोन घरांत दोन गल्ल्यांचं तर अंतर, पण यातलं काही तोंडाने बोलायला आलो असतो तर तू मला नेहमीसारखा गुंडाळून ठेवला असतास. गोष्ट तुझ्या कामाची आणि तुझ्या नावाची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच.

कालच्या मंगळवारच्या बैठकीपासून सुरुवात करतो. तू माझ्या उजव्या हाताला बसला होतास, तरी सांगतो. हॉटेलवाल्याची अंडी नेहमीसारखी रबरी होती. कोलंबस शहराहून एक वकीलबाई आल्या होत्या. मालकाला धंदा कामगारांच्याच हाती सोपवून बाहेर पडायचं असेल तर काय काय कागद लागतात, ते पडद्यावर दाखवत होत्या. दीड तास बसा, हजेरीवर सही करा, की आपल्या खात्यात दीड तासाचं शिक्षण जमा. तीन वर्षांत चाळीस तास भरले नाहीत तर संस्था प्रमाणपत्र काढून घेते, आणि मग धंदा सोडू पाहणाऱ्या मालकांना सल्ला देणारे आपण कोण? तर तू हात वर केलास आणि तुझा ठरलेला प्रश्न टाकलास, "कागद तयार आहेत हो, पण मालक तयार आहे का, हे कोणी विचारलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. निम्मी मंडळी हा प्रश्न ऐकायलाच येतात. दहा मिनिटांनी तू पुन्हा हात वर केलास. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. हिशेबनीस डोलोरेस म्हणाली, "एमेट, एकाच तासाचं शिक्षण दोनदा जमा करतोस की काय?" सगळे हसले. तूही हसलास, पण सगळ्यांच्या नंतर, इकडेतिकडे बघून. माझे कान तिखट आहेत, तुला ठाऊक आहे. ते उशिरा आलेलं हसू मी ऐकलं.

एकोणीस वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आलो तेव्हा माझी गाड्यांचे सायलेन्सर बसवायची तीन दुकानं होती, आणि शाळा नववीतच सुटलेली. "विकून टाकायचीत, वैतागलोय," म्हटलं, तर तू भलतंच विचारलंस, "विकल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी काय करणार?" मासे धरीन, म्हटलं. "मासे किती दिवस ऐकून घेतील तुझी बडबड?" दुकानं विकली गेली आणि तू मला याच कामात ओढलंस. पहिल्या परीक्षेत मी आपटलो. मग सहा रविवार तुमच्या स्वयंपाकघरात, लोरेटाने कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा खात, मी तुझ्याकडे शिकलो. मालकाला धंद्याबाहेर ढकलणाऱ्या पाच गोष्टी तू बोटांवर मोजायचास. मरण, आजारपण, घटस्फोट, भागीदारांची भांडणं, मंदी. दुसरं बोट धरून म्हणायचास, "मरणाची तजवीज सगळे करून येतात, क्लाइड. या बोटाची कोणी करत नाही."

आता माझं पाप सांगतो. गेल्या ऑक्टोबरात हजेरीच्या टेबलाशी तू पेन धरून उभा होतास. यादीत तीस नावं, आणि तुला तुझं सापडेना. मागे रांग खोळंबली. "चष्मा विसरलास वाटतं," म्हणून मी तुझ्या नावापुढे सही ठोकली. चष्मा तुझ्या नाकावर होता. तेव्हापासून दर महिन्याला मीच सही करत आलो. घरबसल्या करायच्या वर्गांच्या चाचण्याही तुझ्या नावाने मीच दिल्या, आणि गंमत म्हणजे तुझ्या नावावर मला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. चाळीस तास भरले. मला वाटलं, दोस्ती निभावली.

मग स्टेलाचं झालं. तिचा खोक्यांचा कारखाना, बासष्ट माणसं. आपल्या सल्ल्याने ती तो विकतेय हे ती, घेणारं गिऱ्हाईक, तू आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. मार्चच्या बैठकीत, नाश्त्यानंतर सगळे कार्डं वाटत ओळखी काढत फिरतात त्या अर्ध्या तासात, तू एका बँकवाल्याला तिच्या नावागावासकट सगळं सांगून मोकळा झालास. मी मध्ये घुसलो, "अहो, ती जुनी गोष्ट, दुसराच कारखाना," म्हणालो. पण गेलेला शब्द काही परत आला नाही. चार दिवसांत फोरमनने तिला विचारलं, "बाई, आम्ही दुसरीकडे बघायला लागू का?" नऊ जण सोडून गेले आणि गिऱ्हाईक मागे सरलं. स्टेलाला मी सांगितलं, माझ्याच तोंडून निसटलं. ती म्हणाली, "तुझ्यावर माझा विश्वास कधी नव्हताच, क्लाइड. मी एमेटच्या शब्दावर आले होते."

परवा तिच्याकडे जाऊन मी खरं काय ते सांगितलं. सह्यांचंही सांगितलं. ती रागावली नाही. "एवढं दिसत होतं, तर त्याला सांगायचं सोडून सह्या कसल्या करत बसलास?" एवढंच म्हणाली. काल मी तुझ्या नावापुढची जागा कोरी ठेवली. बाहेर गाडीपाशी तू विचारलंस, "माझी सही केलीस ना रे?" मी म्हटलं, "आत बस, वारा सुटलाय."

एमेट, तुझ्या पिवळ्या वहीतलं एक पान चार वर्षं माझ्या कपाटात आहे. अक्षर तुझं, साक्षीला लोरेटा. "भर बैठकीत मी एकच प्रश्न दोनदा विचारला, तर माझी थांबायची वेळ झाली असं समजावं. क्लाइडने मला ते लेखी कळवावं. तोंडी नको, तोंडी मी जिंकतो." डोकं ठिकाणावर असताना असा कागद करून ठेवा, असं तू प्रत्येक मालकाला सांगायचास, आणि त्या दिवशी आपण दोघांनी आपलेही केले. माझा तुझ्याकडे आहे. तो आता दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा, ते मला सुचत नाहीये. तर मी कळवतोय, मित्रा. तुझी वेळ झाली. गिऱ्हाइकांची कागदपत्रं डोलोरेस सांभाळील, स्टेला रविवारी तुला भेटायला येणार आहे, आणि पुढच्या बैठकीच्या मंगळवारी साडेसातला मी तुला न्यायला येईनच. बैठकीला नाही जायचं. नदीकाठी बसून बरी अंडी खाऊ. खाली एक रेघ मारली आहे. वाचून झालं की तिच्यावर तुझी सही कर. वेळ लागला तरी चालेल, मागे रांग नाही. ही मी करणार नाही.

तुझाच, तुझ्या डाव्या हाताला बसणारा,
क्लाइड

______________________