हिराबाईंचा जोडीचा फोटो

रोहा, ११ नोव्हें. १९९७
सकाळपासून एकच गिऱ्हाईक. हिराबाई, वडखळकडच्या. मुलगी पुलापलीकडच्या अष्टमी गावात दिलेली, तिच्याकडे आल्यात. उभं आयुष्य मिठागरावर गेलं. पदराआडून नवऱ्याचा फोटो काढला. जत्रेतला, ब्लॅक अँड व्हाइट. पंचविशीतला गडी, टोपी तिरकी. त्याच थंडीत तापानं गेला. दोघांचा एकत्र फोटो नाही.
"मना त्याच्या बाजूला बसव," म्हणाल्या.
पूर्वी असे जोडफोटो कितीतरी केले. जुन्या फोटोची कॉपी, बाईंचा नवा फोटो, दोन निगेटिव्ह एका कागदावर. पण त्याला काळा-पांढरा रोल हवा. कपाटात एकही नाही. आणि मी हो म्हणून बसलो.

१३ नोव्हें.
रोह्यात नाही. नागोठण्याला उतरलो, तिथेही नाही. दुकानदार तरणा. "काका, तो रोल अजून येतो?"
मग पेण. शेठच्या दुकानातलं ते फडताळ! दहावीचे फॉर्म निघाले की तिथे रोलची भिंत रचलेली असायची. आम्ही चार गावचे फोटोवाले बाकावर चहा पीत बसायचो, सगळ्यांच्या हाताला फोटो धुण्याच्या हायपोचा वास. आज तिथे रंगीत अल्बम. शेठ म्हणाले, "मागणीच नाय हो. मागवून ठेवले तर पडून राहतात." तरी शिडी लावून वर चढले. खोक्यांमागून एक निघाला, तारीख उलटलेला. शेठनी धोतरानं पुसून दिला.
येताना एस.टी.त रोल शर्टाच्या खिशात. हात सारखा तिकडेच.

१४ नोव्हें.
आधी नवऱ्याच्या फोटोची कॉपी. मग हिराबाईंना बसवलं. दर वेळी डोळे मिटून घेतात, फिल्म वाया जाते.
"जरा हसा की."
"त्याच्या बाजूला बसले ना? मग लाजू दे."
वापरलेली फिल्म अंधारात कापून धुतली, उरलेली, जेमतेम पाच-सहा फोटोंची, परत कॅमेऱ्यात. जरा धुरकट. पण आलंय!

१६ नोव्हें.
निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचं काम बायकोचं, लग्न होऊन आली तेव्हापासून. सु.चा हात अजून तसाच हलका. रंगीत आल्यापासून तिला कामच उरलं नव्हतं. आज चष्मा पुसून बसली. हिराबाई बघायला आलेल्या.
सु. म्हणाली, "मावशी, सुरकुत्या घालवते. जोडीला शोभाल."
"नको गो. त्यानं मना म्हातारी बघितलीच नाय. बघू दे."
सु.ने पेन्सिल खाली ठेवली. आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

१८ नोव्हें.
प्रिंट केली. ट्रेमध्ये आधी त्याची टोपी उमटली, मग बाईंचं कपाळ. लाल दिव्याखाली सु. खांद्याला खांदा लावून. केवढ्या दिवसांनी असे उभे राहिलो.
संध्याकाळी हिराबाई, मुलगी. प्रिंट हातात घेऊन म्हणाल्या, "अगो, ह्यो तर माजा पोरगा वाटतो!" हसत सुटल्या. हसता हसता पदर तोंडाला. मुलीनं बापाला इतक्या मोठ्या फोटोत कधी पाहिलं नव्हतं. ती नुसती काचेवरून... नाही, काच अजून बसवायची आहे, कागदावरूनच बोट फिरवत राहिली.
दोघी पुलावरून गेल्या, दिसेनाशा होईपर्यंत दारात उभा.

२० नोव्हें.
सु. म्हणाली, "उरलेल्या फिल्मवर आपला दोघांचा काढा." खरंच. जगाचे जोडीचे फोटो काढले, लग्नानंतर आमचा एकही नाही. मी कायम कॅमेऱ्यामागे, ती दिवा धरून. टायमर लावायचा. उद्या सकाळी.

२१ नोव्हें.
सु. अबोली रंगाचं लुगडं नेसली. म्हटलं, "रंग कुठे दिसणाराय त्यात?" म्हणाली, "मला दिसतोय ना." दोन खुर्च्या मांडल्या, कॅमेरा स्टँडवर.
तेवढ्यात दारात एक बाई. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो. "हिरानं धाडलंय. माजा पन असाच गेला. जोडून देता?" तिच्यामागे पायरीवर आणखी दोघी, त्यांच्याही हातात पिशव्या.
सु.ने माझ्याकडे पाहिलं. मग आपली खुर्ची पदरानं पुसली.
"या, बसा."
फिल्म कितीजणींना पुरेल, तिने विचारलं नाही. मलाही सांगवलं नाही.