खांद्याचं माप

बाईसाहेब,

गाडीतले तुझे रेसचे लाल सीटपट्टे मी काढून ठेवलेत. आदळआपट करण्याआधी पुढचं वाच. "शर्यतबिर्यत काही नाही," असं काल ओरडली ती तुझी आई होती. आज गॅरेजवाली लिहितेय.

बोल्ट झकास आवळले होतेस, काढताना माझा घाम निघाला. पण खांद्यावरचे पट्टे तू सीटमागे थेट गाडीच्या तळाला जोडलेस. गाडी धडकली की असे पट्टे खांदे खाली ओढतात आणि पाठीचा कणा दाबतात. ते खांद्यापासून मागे जवळपास आडवेच जायला हवेत. त्यासाठी सीटमागे लोखंडी पाइपांचा पिंजरा लागतो आणि त्यात पट्टे बांधायला आडवा पाइप. तेच पाइप आणायला गेलेय. तोवर कुठे जायचं झालं तर गाडीचा मूळचा पट्टा लाव, तो जागेवरच आहे.

आडवा पाइप किती उंचीवर जोडायचा, ते तुझ्या खांद्यावरून ठरणार. म्हणून संध्याकाळी गॅरेजमध्ये ये आणि सीटवर बस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, खुशाल रुसून बस.

फक्त पाठ ताठ ठेवून रूस, नाहीतर माप चुकेल.

– आई