गोड्या मसाल्याशिवाय

बडोदे, रविवार

आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे.

डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलाय, म्हणून काल घरीच टाको केले. सोपे असतात. मक्याच्या पिठाच्या लहान भाकऱ्या शेकल्या, गरम असतानाच दुमडल्या आणि आत राजमा, कांदा, टोमॅटो भरला. शेजारच्या जिगीषाबेन हसल्या, "आ तो आपणो मकाईनो रोटलो, वाळेलो!" म्हणजे आपलाच मक्याचा रोटला, दुमडलेला. पण तीन खाल्ले.

राजम्यात तुझा गोडा मसाला घातला नाही. आपण त्यात घालतो त्या हिंगात कणीक असते, पाकिटावर तसं छापलेलं आहे. पोळी सोडूनही पोट दुखत होतं, ते त्यामुळे. तुझी चूक नाही, आपल्याला माहीतच नव्हतं. डबा उघडला तर खोलीभर आपल्या घराचा वास आला. मग तो जिगीषाबेनना देऊन टाकला.

काल पोट दुखलं नाही. तुला हे कसं लिहावं, कळत नव्हतं.

बाबांचा गुडघा कसा आहे?

हिंगाशिवाय मसाला करून पाठवू नकोस. मिक्सर तोच, गिरणीही तीच, गव्हाचं पीठ थोडं तरी लागतंच. दिवाळीला नक्की येईन. माझ्यासाठी काही करू नकोस, माझं खाणं मी बरोबर आणीन.

तुझी
तेजश्री